पावसाळ्यात कॅम्पर व्हॅन उभी आहे. प्लग लावून ठेवायचा का?

जूनमध्ये फिरणं थांबलं, गाडी साताऱ्यात शेडखाली लागली, की बरेच जण वायर जोडून थेट दिवाळीपर्यंत तिकडे बघत नाहीत. त्याआधी आतल्या दिवे-पंख्यांच्या बॅटरीचा चार्जर कोणता आहे ते बघा. आधी पाणी घालायच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं. मल्टी-स्टेज, म्हणजे टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा चार्जर बॅटरी भरली की साधारण 13.5 व्होल्टवर उतरतो, तो लावून ठेवायला हरकत नाही. जुना साधा चार्जर मात्र भरलेल्या बॅटरीतही करंट ढकलत राहतो. आतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात. तो अधूनमधूनच लावा, बाकी वेळ बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवा. मीटरवर 12.4 व्होल्टच्या खाली आकडा दिसला की चार्जिंग. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं नको.

लिथियम बॅटरीचं उलटं आहे. ती साधारण निम्मी भरून चार्जर आणि लोड (तिच्यावर चालणारे दिवे, पंखे) दोन्ही बंद करा.

इंजिनची बॅटरी बऱ्याच गाड्यांत या जोडणीवर चार्ज होतच नाही, तिची सोय वेगळी करावी लागते.

आता वायर. घरातली साधी एक्स्टेंशन वापरू नका, खरी आग तिथे लागते. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, अर्थिंग असलेलं पॉवर सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. केबल गुंडाळीत ठेवू नका, गरम होते. जोड जमिनीपासून उंच टांगा. विजा कडाडायची चिन्हं दिसली, की कडकडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग काढा. आणि आठवड्याला एकदा उंदरांनी केबल कुरतडली नाही ना, तेही बघा. हात लावण्याआधी स्विच बंद.