बुली खेळताय? मग आधी तासाला बसा

‘बुली’ हा गेम २००६ साली प्लेस्टेशन २ वर आला. २००८ मध्ये त्याची ‘स्कॉलरशिप एडिशन’ निघाली आणि त्याच वर्षी ती पीसीवरही आली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ मोबाइलवर आली. त्यामुळे दर काही वर्षांनी नव्या मुलांची एक तुकडी गेममधल्या शाळेच्या, म्हणजे बुलवर्थ अकॅडमीच्या फाटकातून आत येते आणि आधीच्या तुकडीने केलेल्या चुका जशाच्या तशा करते. मला हा गेम मनापासून आवडतो. म्हणूनच कोणी दोन दिवस खेळून ‘बोअर आहे’ म्हणत काढून टाकला की वाईट वाटतं. बहुतेक वेळा दोष गेमचा नसतो, तो कसा खेळला गेला याचा असतो.

जीटीए समजून सुरुवात करणं

मारधाडीचे जीटीए गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचंच नाव इथेही बघितलं की हात आपोआप गाडी पळवायला आणि माणसं उडवायला शिवशिवतात. आपल्याकडे एक अख्खी पिढी सायबर कॅफेत जीटीएचा ‘व्हाइस सिटी’ खेळत वाढली, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण इथे तुम्ही जिमी हॉपकिन्स आहात. वय १५. आई नव्या नवऱ्याबरोबर हनिमूनला निघाली आहे आणि तुम्हाला न्यू इंग्लंडमधल्या एका बोर्डिंग शाळेच्या दारात सोडून गेली आहे. हातात बंदूक नाही, गलोल आहे. फिरायला मोटार नाही, सायकल आणि स्केटबोर्ड आहे. या गेममध्ये तुम्ही कोणाचा जीव घेत नाही.

गेम बाजारात येण्याआधीच त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका वकिलाने विक्री रोखण्यासाठी कोर्टात धाव घेतली, पण न्यायाधीशांनी गेम चालवून दाखवायला लावला आणि विक्रीला हरकत घेतली नाही. ब्राझीलने २००८ मध्ये बंदी घातली. युरोपात तो ‘कॅनिस कॅनेम एडिट’ या नावाने विकला गेला. हे शाळेचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे आणि त्याचा अर्थ होतो ‘कुत्रा कुत्र्याला खातो’. एवढं सगळं ऐकून आलेला माणूस दंगा करायच्या अपेक्षेनेच बसतो. पहिल्या पाच मिनिटांत तो समोर दिसेल त्याला बडवतो आणि मग प्रीफेक्ट, म्हणजे शिस्तीवर नेमलेली ती मोठी मुलं, आपल्यालाच का धरतात असं विचारतो.

लहान मुलावर, मुलीवर किंवा शिक्षकावर हात टाकला की संकटाची पट्टी एका झटक्यात लाल होते. हळूहळू वाढणं वगैरे नाही. इतर बाबतीत मात्र गेम तुम्हाला सुटायला भरपूर वाटा देतो आणि नवखे त्यातली एकही वापरत नाहीत. समोरच्यावर लक्ष धरून नीट बोलायचं बटण दाबा, माफी मागता येते. दमदाटी करणाऱ्याला चार पैसे देऊन वाटेला लावता येतं. प्रीफेक्ट मागे लागलाच तर लॉकरमध्ये नाहीतर कचऱ्याच्या मोठ्या डब्यात लपा आणि पट्टी उतरेपर्यंत थांबा. मी नवीन खेळणाऱ्याला पहिला एक तास कोणालाच मारू देत नाही. फक्त चाल, बोल, कोण कुठल्या टोळीतला ते बघ. बुलीज, नर्ड्स, प्रेपीज, ग्रीझर्स, जॉक्स यांचे कपडे ओळखू यायला लागले की शाळा कळायला लागते.

तास बुडवणं

याच्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण दहातले आठजण इथेच माती खातात.

दिवसाला दोन तास असतात, एक सकाळी आणि एक दुपारी. घंटा होते, नकाशावर खूण येते, आणि खेळणारा म्हणतो, “शाळेत जायला गेम घेतला का? आपण मिशन करू.” आता साधा हिशेब करा. गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. पूर्ण दिवस २४ मिनिटांत संपतो. शाळेचा एक तास म्हणजे दोन-तीन मिनिटांचा छोटा खेळ. तो बुडवून तुम्ही काहीच वाचवत नाही, कारण तेवढा वेळ तुम्ही दांडी मारली म्हणून प्रीफेक्टपासून पळण्यातच जातो.

शिवाय प्रत्येक तासाचं काहीतरी मिळतं. केमिस्ट्रीत पास व्हाल तसं खोलीतल्या केमिस्ट्री सेटवर फटाके, दुर्गंधीचे बॉम्ब, खाजेची पावडर तयार होते. जिममध्ये कुस्तीचे डाव येतात आणि नेम सुधारतो. शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपच्या तासात, चांगल्या सायकली मिळतात. आर्टमध्ये पास झाल्यावर मुलीने घेतलेल्या चुंबनाने तब्येतीची पट्टी नेहमीपेक्षा जास्त भरते. इंग्रजीने माफी मागण्याची ताकद वाढते. प्रत्येक विषयाचे पाचच टप्पे आहेत. पाच वेळा पास झालात की विषय संपला.

माझा मावसभाऊ एका मे महिन्यात आमच्याकडे राहायला आला होता. बारावी नुकतीच झालेली, हाताला वेग चांगला, डोकं त्याहून चांगलं. चार दिवसांत तो तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाला पोचला, जिथे ग्रीझर्सचा म्होरक्या जॉनी व्हिन्सेंट याच्याशी गाठ पडते. आणि तिथे अडकला. एक रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कंट्रोलर गादीवर टाकला आणि म्हणाला, “दादा, हा गेम मुद्दाम अवघड केलाय. यात काही अर्थ नाही.”

मी त्याच्या जिमीची आकडेवारी उघडून बघितली. केमिस्ट्री एकदा पास. जिम एकदा. आर्टमध्ये एकदा बसला, नापास झाला आणि परत तिकडे फिरकलाच नाही. ट्रान्झिस्टर शून्य. म्हणजे हिवाळा येऊन बर्फ पडला तरी त्याचा जिमी पहिल्या दिवशी आला तसाच होता, दोन ठोसे आणि एक लाथ एवढ्या भांडवलावर शहरातल्या टोळ्यांशी भिडत होता. मी त्याला एवढंच म्हटलं की दोन दिवस मिशनचं नाव काढायचं नाही. वेळापत्रकात जे असेल त्याला बसायचं आणि मधल्या वेळात ट्रान्झिस्टर शोधायचे. एकूण सहा आहेत. शाळेच्या मागे राहणाऱ्या बेघर म्हाताऱ्याला एकेक नेऊन दिला की तो एकेक डाव शिकवतो. कुरकुर झाली, पण तो बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खिशात फटाके आणि खाजेची पावडर, अंगात चार नवे डाव घेऊन तो परत गेला आणि दुसऱ्या प्रयत्नात जिंकला. नंतर आपणहून म्हणाला की या दोन दिवसांत जी शाळा दिसली ती आधीच्या चार दिवसांत दिसलीच नव्हती.

‘कथा संपल्यावर निवांत तास करू’ असं म्हणणारेही खूप असतात. करता येतात, शेवटच्या ‘एंडलेस समर’ या प्रकरणात राहिलेले तास पूर्ण होतात. पण शिकलेला डाव वापरायला शत्रूच उरला नसेल तर तो शिकून काय करणार? माझी सवय सांगतो: पहिलं प्रकरण चालू असताना मी एकही तास चुकवत नाही. मिशन मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर.

इंग्रजीच्या तासाला घाबरणं

हे खास आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी. या तासात काही विस्कटलेली अक्षरं मिळतात आणि घड्याळ चालू असताना त्यांतून शब्द बनवायचे असतात. बरेचजण पहिल्याच झटक्यात सहा अक्षरी शब्द शोधायला जातात आणि वेळ घालवतात. आधी तीन अक्षरी शब्द काढा. ई, ए, टी या तीन अक्षरांतून ‘ईट’, ‘टी’ आणि ‘एट’ असे तीन शब्द निघतात, म्हणजे एका शब्दाच्या विचारात तीन झाले. मग त्याच्या पुढे-मागे उरलेली अक्षरं लावून बघायची. मी अक्षरं कागदावर गोलात लिहून घ्यायचो, ओळीत लिहिली की डोळा एकाच क्रमात अडकतो. नापास झालात तर पुढच्या वेळी तीच अक्षरं समोर येतात, तेव्हा तो कागद जपून ठेवा. इंटरनेटवर उत्तरांच्या याद्या आहेत. त्या बघू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हा या गेममधला सगळ्यात समाधान देणारा तास आहे आणि यादीने तो टंकलेखन होऊन जातो.

रात्रीचं भान न ठेवणं

अकराला बाहेर फिरायची बंदी सुरू होते. दोनला जिमी असेल तिथे झोपेने कोसळतो. म्हणजे अकरानंतर तुमच्याकडे आपल्या घड्याळाची तीन मिनिटं असतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला असाल तर त्याआधीच निघा.

रबरबँड हाताने शोधत बसणं

गेममध्ये जागोजागी लपवलेल्या वस्तू आहेत: ७५ रबरबँड, ४० पत्ते, २५ बागेतले बुटके. हे सगळं शोधायला पहिल्याच दिवशी निघू नका. स्कॉलरशिप आणि ॲनिव्हर्सरी एडिशनमध्ये भूगोलाचे तास आहेत, आणि ते पास झालात की लपवलेल्या वस्तू नकाशावर दिसायला लागतात. म्हणजे पुन्हा तेच, तासाला बसा.

पीसीवर गेम बंद पडला की दहा उपाय एकदम करणं

ही माझी दुसरी दुखरी जागा आहे. स्कॉलरशिप एडिशन २००८ सालची आहे आणि आजच्या विंडोजवर ती अधूनमधून कोसळते, हे खरं आहे. पण गेम एकदा बंद पडला की माणसं काय करतात? कम्पॅटिबिलिटी मोड बदलतात, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतात, कुठूनतरी दोन-तीन मॉड आणून टाकतात, फ्रेम्सची मर्यादा काढतात, आणि हे सगळं एकाच बैठकीत. मग गेम आणखी बिघडतो आणि नेमकं कशाने ते कोणालाच कळत नाही.

मी स्वतः यातून गेलो आहे. लॅपटॉप नवा होता, चौथं प्रकरण चालू होतं, आणि इमारतीत शिरलं की गेम बंद पडत होता. मी वरचे सगळे प्रयोग एका रात्रीत केले. शेवटी कोणीतरी चढवलेली ‘सगळं पूर्ण झालेली’ सेव्ह फाइल उतरवली, फक्त एवढं बघायला की दोष माझ्या सेव्हमध्ये आहे की गेममध्ये. ती फोल्डरमध्ये टाकताना ‘बदलायची का’ असं विंडोजने विचारलं आणि मी ‘हो’ म्हटलं. दोन महिन्यांच्या रात्री, शोधलेला प्रत्येक रबरबँड, बायॉलॉजीचा जेमतेम निभावलेला पाचवा टप्पा, सगळं त्या एका क्लिकमध्ये गेलं. आणि समोर जो जिमी उभा होता तो कोणा अनोळखी माणसाचा. त्याच्या अंगावर कपडे होते ते मी कमावलेले नव्हते, त्याच्या खिशातले पैसे माझे नव्हते. तो गेम मी दहा मिनिटंही खेळू शकलो नाही. तयार सेव्ह फाइल वापरणाऱ्यांना मी तेव्हापासून हेच सांगतो, की ही फाइल तुम्हाला शेवट देते आणि त्याआधीचं सगळं वर्ष काढून घेते.

आता मी काय करतो ते सांगतो. गेम बसवला की सगळ्यात आधी सायलेंटपॅच हा चाहत्याने बनवलेला दुरुस्ती-पॅच टाकतो. विंडोज १० वर गेम कोसळण्याची मुख्य कारणं त्याने दुरुस्त होतात. त्याच्या फाइल गेमच्या मूळ फोल्डरमध्ये, म्हणजे गेम जिथून सुरू होतो त्या फाइलच्या शेजारी ठेवायच्या. आतल्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये ठेवल्या तर काहीच होत नाही, आणि ‘पॅच चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं हेच झालेलं असतं. मग तासभर खेळून बघतो. चालला तर दुसऱ्या कशाला हात लावत नाही. नाही चालला तर एकच बदल, आणि पुन्हा तासभर. दर रविवारी सेव्हचं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर ठेवतो, त्याला तारखेचं नाव देतो.

फ्रेम्सचं एक वेगळं सांगायला हवं. हा गेम सेकंदाला ३० फ्रेम्सच्या हिशेबाने बांधला आहे. ६० केल्यावर डोळ्याला छान वाटतं, पण ज्यात वेळ साधायची असते ते तास माझ्याकडे विचित्र वागायला लागले. ३० वर ठेवा. पाच मिनिटांत डोळा सरावतो.

एकाच स्लॉटमध्ये सेव्ह करणं

जागा अनेक दिल्या आहेत. निदान तीन आलटून-पालटून वापरा आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीचं एक सेव्ह वेगळं ठेवा.

कीबोर्डवर हट्टाने खेळणं

साधा कंट्रोलर घ्या. शॉपच्या तासात कंट्रोलरवरची काठी गोल फिरवायची असते, संगीताच्या तासात ताल पकडायचा असतो. ते कीबोर्डवर जमवता येतं, पण त्यात गेमची गंमत जाते. मोबाइलवर मात्र तास बोटांसाठी नव्याने बसवले आहेत, तिथे ही अडचण नाही.

हॅलोविनची रात्र उरकून टाकणं

पहिल्या प्रकरणात ही रात्र येते. जिमी सांगाड्याच्या वेशात असतो, सगळी शाळा सोंगं घेऊन फिरत असते, भोपळे फोडायला मोकळे पडलेले असतात, आणि शाळेतला सोबती गॅरी शेजारी उभा राहून तुम्हाला एकेक खोडी सुचवत असतो. हीच माणसं पुढे काय करणार आहेत हे ज्याने एकदा खेळलंय त्याला माहीत असतं, म्हणून दुसऱ्यांदा ही रात्र खेळताना मन वेगळंच होतं. नवखा माणूस नकाशावरच्या खुणेकडे धावत सुटतो आणि सात मिनिटांत ती संपवतो. खुणेकडे जाऊ नका. आधी मुलांच्या हॉस्टेलला एक चक्कर मारा, मग मुख्य इमारतीभोवती, मग मैदानाकडे. दुसरा सोबती पीटी, त्याने काय घातलंय ते थांबून बघा. खोड्या शेवटी करा.