कोणीच पाहत नाही अशी मालिका पाहायची कशी, अन् दुसऱ्याला दाखवायची कशी

नागपूरच्या प्रतापनगरात माझं औषधांचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच शटर अर्धं खाली ओढून घेतो, कारण ४५ डिग्रीत ओआरएस घ्यायलाही कोणी फिरकत नाही. हे तीन तास माझे. गेली काही वर्षं या तीन तासांत मी अशा संथ अमेरिकन मालिका पाहून राहिलो, की ज्यांचं नाव काढलं तर रविवारी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर चारही मित्र आपापल्या प्लेटीत पाहायला लागतात.

त्यांची चूक नाही. "काय होते बे त्यात?" असं एकानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उत्साहानं सांगून बसलो, "तसं काहीच होत नाही, माणसं फार भारी आहेत." एवढी वाईट जाहिरात कोणीच करू नये. असे बरेच हात पोळून घेतल्यावर जे जमलं ते लिहितो.

सुरुवात कूलरपासून करा. गंमत नाही करत. या मालिका न बोललेल्या गोष्टींवर चालतात. आई काही विचारते, मुलगा उत्तर द्यायला दोन सेकंद जास्त घेतो, अन् तोच सगळा प्रसंग असतो. तीन नंबरवर धडधडणारा आपला लोखंडी कूलर ते दोन सेकंद गिळून टाकतो. म्हणून एक वाजताच पंप सुरू करा, ताट्या चांगल्या भिजू द्या, खोली गार करून घ्या अन् मालिका लावताना कूलर एकवर आणा. सबटायटल सुरूच ठेवा. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. फक्त ओळ एका नजरेत उरकायची अन् लगेच चेहऱ्यावर यायचं. चेहरा हुकला तर दहा सेकंद मागे जा, लाज कसली?

"पुढचा भाग आपोआप सुरू" हे बटण बंद करा. दिवसाला एकच भाग. 'रेक्टिफाय' नावाची मालिका २०१३ ते २०१६ अशी चालली, चार सीझन मिळून ३० भाग, पहिल्या सीझनचे तर सहाच. सहाच्या सहा दोन दुपारींत संपवता येतात, मी पहिल्यांदा तेच केलं अन् संध्याकाळी काउंटरवर उभं राहिल्यावर काही म्हणजे काही आठवेना. १९८४ मध्ये 'हम लोग' लागायची तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे, अन् मग पुढच्या भागापर्यंत घरात त्या माणसांची चर्चा चालायची. तो मधला वेळही मालिकेचाच भाग होता, हे फार उशिरा कळलं.

वही ठेवा. एमआर लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, जे पॅड देऊन जातात, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी नावं लिहितो. नाव, नातं अन् एक सवय, बस. 'रेक्टिफाय'चं माझं पान असं: डॅनियल, खुनाच्या आरोपात फाशीच्या कोठडीत १९ वर्षं, डीएनए तपासणीमुळे शिक्षा रद्द होऊन घरी परत. अमांथा, बहीण, त्याच्यासाठी लढली. जॅनेट, आई, कमी बोलते. टेड ज्युनिअर, सावत्र भाऊ, घरचं टायरचं दुकान पाहतो, हसतो जास्त. या "हसतो जास्त"वर पुढे मला तीन वेळा परत यावं लागलं. कोण काय करतो ते लिहू नका, ते लक्षात राहतंच. कसा करतो ते लिहा.

आता किती भाग थांबायचं? सहा भागांचा सीझन असेल तर पूर्ण पाहा, मग ठरवा. पण काही मालिकांना स्वतःलाच उशिरा कळतं की आपली खरी माणसं कोणती. 'हॉल्ट अँड कॅच फायर' घ्या. १९८३ सालचं टेक्सास, एक कंपनी आयबीएम या बड्या कंपनीच्या पीसीची नक्कल करायला निघते. पहिल्या सीझनमध्ये जो अन् गॉर्डन या दोघांच्या भानगडी पुढे पुढे असतात, अन् मला जो फार काही झेपला नाही. दुसऱ्या सीझनमध्ये डोना अन् कॅमेरॉन या दोघी (कॅमेरॉन ही मुलगी आहे, माझ्या पानावर आधी "मुलगा?" लिहिलं होतं) स्वतःची कंपनी चालवायला लागतात अन् मालिकेत जीव येतो. तिथपर्यंत धीर धरा. पाहणारे तिला अमेरिकेतही कमीच होते, तरी चार सीझन, ४० भाग पूर्ण झाले.

पैशाचं एक सांगतो. एका अ‍ॅपचं वर्षाचे पैसे भरून सबस्क्रिप्शन घेतलं, अन् मग दिसलं की हव्या त्या मालिकेचे दोनच सीझन तिथे आहेत. आधी नाव शोधा, सगळे सीझन मोजा, मग महिन्याचंच घ्या.

पाहणं सोपं आहे हो. अवघड आहे ते दुसऱ्याला दाखवणं.

मित्रांवर मी सगळे प्रयोग केले. कथा सांगितली, तर "मर्डर कोणी केला तेवढं सांग न" म्हणाले. लिंक पाठवल्या, निळी टिकसुद्धा आली नाही. एकाला फार मागे लागलो, तर त्यानं पोह्याच्या रांगेत उभ्या उभ्या शेवट गुगल केला अन् मोठ्यानं वाचून दाखवला. तेव्हापासून मी नियम केला: मालिका मित्राला नाही, नजर असलेल्या माणसाला दाखवायची. लग्नातून आल्यावर जेवणाबद्दल जो बोलतो त्याला सोडा. नवरीच्या काकाशी कोण बोललं नाही, हे ज्याला दिसलं तो आपला माणूस.

आमच्या घरात ती माझी आत्या निघाली. वय ७१, राहते नागपुरातल्याच महाल भागात. मागच्या मे महिन्यात तिच्या गच्चीचं काम निघालं म्हणून आमच्याकडे आली. मी तिला काही म्हटलंच नाही, फक्त दुपारी टीव्हीवर 'रेक्टिफाय' लावून बसलो. ती लसूण सोलत बसली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिनं विचारलं की थांबवायचं अन् एका वाक्यात सांगायचं, एवढंच माझं काम. न विचारता काहीच सांगायचं नाही. अन् समोरच्याच्या तोंडाकडे तर अजिबात पाहायचं नाही. "आता बघ, आता बघ" करणाऱ्याच्या शेजारी बसून कोणालाच काही आवडत नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये डॅनियल आईचं स्वयंपाकघर तोडायला घेतो, नवं करून द्यायचं म्हणून. मला तो प्रसंग नीटसा कळला नव्हता. आत्याचा हात लसणावर थांबला.

"मायचं सैपाकघर तोडून राहिला हा, अन् ते काही म्हणत नाही?"

मी सबटायटल वाचून सांगायला लागलो, तर म्हणाली, "राहू दे बाबू, समजलं मले. इतक्या वर्षांनी त्याले काहीतरी करू तर देऊन राहिली." अन् पुन्हा लसूण.

मी ती मालिका दोनदा पाहिली होती. वही काढून जॅनेटच्या नावापुढे "कमी बोलते" खोडलं.

पाहून झाल्यावर लगेच "कसं वाटलं?" विचारू नका. संध्याकाळपर्यंत थांबा, समोरचा स्वतःच काढेल. आत्यानं रात्री भाकरी वाढताना काढलं, तेही टेडबद्दल, अन् फार काही चांगलं बोलली नाही.

गच्चीचं काम लवकर संपलं, मालिका अर्धी राहिली अन् आत्या महालात परतली. पंधरा दिवसांनी दुकानात गर्दी असताना फोन आला. समोर एक जण इन्सुलिनसाठी उभा, दुसरा उधारीचा हिशोब विचारतो आहे.

"बाबू, त्याच्या मायचं सैपाकघर झालं का पुरं?"

सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी ये, लसूण आणून ठेवतो.