झिंग्याचं बी बोडीत सोडण्याआधी

बोडी, म्हणजे आपलं छोटं तळं, सुकवणं, चुना मारणं, शेणखत टाकणं हे भंडारा-गोंदियाकडं ज्याचा जन्म पाळीवर गेला त्याला सांगायला नको. तळाला भेगा पडेपर्यंत मे महिन्याचं ऊन खाऊ द्या. पाणी घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर मरळीची पिल्लं आत शिरतात.

आता ऐका. बी, म्हणजे झिंग्याची पिल्लं, घ्यायच्या आधी पीसीआरचा, म्हणजे विषाणू हुडकणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. मागच्या खेपेला मी मागितला नाही. ऑक्सिजनच्या पिशव्या उजेडात धरून पाहिल्या, पिल्लं काचेसारखी, चपळ. झालं, बी चांगलं आहे म्हणून हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, सोडलं. पाचव्या दिवशी पहाटे कडेला मेलेली पिल्लं दिसली. तळहातावर घेतली तर शेपटीकडचं मांस शिजलेल्या भाताच्या शितासारखं पांढरं. आठवडा भरायच्या आत हापा रिकामा.

हा पांढऱ्या शेपटीचा रोग. नोडाव्हायरसनं होतो आणि त्याच्यासोबत एक्सएसव्ही नावाचा आणखी बारीक विषाणू सापडतो. रिपोर्टात दोन्ही तपासलेले पाहिजेत. मोठ्या झिंग्याला सहसा काही होत नाही, पण तो विषाणू बाळगतो आणि मादी तो पुढच्या पिढीला देते. म्हणून हॅचरीतली, म्हणजे बी तयार करतात तिथली, मादी धडधाकट दिसते यावर जाऊ नका. नुसत्या डोळ्यांवरही जाऊ नका, कारण उष्णतेच्या किंवा प्रवासाच्या ताणानंही मांस पांढरं पडतं. रोगाला औषध नाही. अँटिबायोटिकवर पैसे घालू नका, विषाणूवर ते चालतच नाही.

तर रिपोर्ट. गेल्या महिन्याचा नको, दुसऱ्या टाकीचा नको. तुमचं बी ज्या टाकीतून भरणार त्याच टाकीचा. दहा-वीस पिल्लं तपासून भागत नाही. शेकड्याला दोनच बाधित असली तरी हाती लागावीत म्हणून साधारण 150 लागतात. नमुना कुठं पाठवायचा ते नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात विचारा. हॅचरीवाला म्हणेल, "भाऊ, आमच्या बीला आजवर कधी काही झालं नाही." मलाही हेच म्हटलं होतं. कागद नसेल तर गाडी बोलावू नका.

शेजाऱ्याचं जाळं, बादली मागून आणू नका. स्वतःचीही ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा. नदीतले झिंगे आणून बोडीत टाकायचे नाहीत, एकही नाही.

गाडी आली की आधी टाकीचा नंबर रिपोर्टाशी जुळवा, मगच पिशव्या उतरवा. ड्रायव्हर घाई करेल, करू द्या. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, बोडीचं पाणी थोडंथोडं आत घ्या, सांजच्याला सोडा. तळाला लपायला जुने कवेलू (छपराची कौलं) आणि फांद्या टाका, कात टाकलेला झिंगा मऊ असतो, बाकीचे त्याला खातात. खाद्य बेतानं. पहाटे पाहणी. डिसेंबरची थंडी धरायच्या आत काढायला लागा.