महागड्या घड्याळांचं लुटुपुटूचं ऑनलाइन दुकान: या चुका टाळा

वेब डेव्हलपमेंट शिकताना हात बसावा म्हणून एखादं दुकान उभं करायचं असेल, तर मी घड्याळांचं दुकान सुचवेन. माल थोडा लागतो, वीस घड्याळं पुरतात, पण प्रत्येकाला सांगण्यासारखं भरपूर असतं. मी असं दुकान तीनदा बांधलं. इतरांची पाहिली तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा दिसल्या.

सगळ्यात गंभीर चूक कोडमध्ये नसते. रोलेक्सचा मुकुट वर, त्यांच्याच साइटवरून उतरवलेले फोटो खाली आणि शेवटी कार्ड नंबर मागणारा फॉर्म. लोगो ट्रेडमार्क आहे, फोटोंवर कॉपीराइट आहे, हे तर झालंच. पण नामांकित ब्रँड आणि कार्डाचा फॉर्म एकत्र आले की ते पान हुबेहूब फसवणुकीच्या साइटसारखं दिसतं. ब्राउझर त्यावर लाल इशारा झळकवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे कुणी भोळेपणाने खरा नंबर भरेल. गिटहब पेजेस या साइट ऑनलाइन ठेवण्याच्या सेवेच्या नियमांतही पासवर्ड आणि कार्ड नंबर असल्या व्यवहारांसाठी ही सेवा वापरू नका, असं म्हटलेलं आहे.

म्हणून ब्रँड स्वतःचा काढा. किल्ल्यांची, नद्यांची नावं घड्याळांना छान शोभतात. प्रत्येक पानावर ठळक पट्टी लावा: ‘हा सराव आहे, इथे काहीही विकत मिळत नाही.’ पेमेंटचा अनुभव हवाच असेल तर पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा) टेस्ट मोड वापरा. स्ट्राइप या गेटवेचं प्रसिद्ध टेस्ट कार्ड म्हणजे ४२४२ चार वेळा. गेटवेची गुप्त किल्ली (secret key) कोडमध्ये लिहू नका. एकदा गिटमध्ये कमिट (नोंद) झालेली किल्ली नंतर फाइलमधून पुसली तरी गिटच्या इतिहासात राहते, तेव्हा ती बदलूनच घ्यावी लागते. सर्चमध्ये दुकान येऊ नये म्हणून नोइंडेक्स (noindex) टॅग घाला, मात्र त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt) ते पान बंद करू नका. क्रॉलर, म्हणजे सर्च इंजिनचा पानं वाचणारा प्रोग्राम, आत शिरलाच नाही तर त्याला तो टॅग दिसणार कसा?

किंमत मजकूर म्हणून साठवणं

डेटा फाइलमध्ये किंमत ‘१,२५,०००’ अशी स्वल्पविरामांसह मजकूर म्हणून लिहिली, की ‘स्वस्त ते महाग’ लावताना घोळ होतो. मजकुराची तुलना अक्षरागणिक होते. त्यामुळे आधी १,२५,०००, मग १२,५०,००० आणि सगळ्यांत शेवटी ९५,००० येतात. त्यावर पार्सइंट (parseInt, मजकुरातून पूर्णांक काढणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) चालवलं तर पहिल्या स्वल्पविरामाशी वाचन थांबतं आणि सव्वा लाखाचं घड्याळ एक रुपयाला जातं. किंमत साध्या पूर्णांकात ठेवा, स्वल्पविराम फक्त दाखवताना. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्येच इंटल नंबरफॉरमॅट (Intl.NumberFormat) आहे. त्याला भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा आणि प्रदेशाचा संकेत, en-IN) दिलं तर लाख-कोटींची मांडणी मिळते, मराठी लोकेल दिलं तर अंकही देवनागरी येतात.

कार्टमध्येही हेच दुखणं. लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) जाणारी प्रत्येक गोष्ट मजकूर होते. साठवलेल्या १ मध्ये १ मिळवला की २ ऐवजी ११ येतात. जेसन (JSON, डेटा मजकुरात लिहिण्याची पद्धत) करून ठेवा, वाचताना पुन्हा उलगडा. आणि कार्टमध्ये फक्त घड्याळाचा आयडी आणि नग ठेवा. किंमत दर वेळी मूळ यादीतून घ्या, नाहीतर तुम्ही किंमत बदललीत तरी जुन्या कार्टात जुनीच राहते.

सेकंदकाटा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं समाधानही मोठं आहे. होम पेजवर चालतं घड्याळ ठेवलं, की दर मिनिटाला ५९ नंतर काटा भर्रकन उलटा फिरून शून्यावर येतो. कारण कोन ३५४ अंशांवरून एकदम ० होतो आणि बदल हळूहळू दाखवणारं सीएसएस ट्रान्झिशन मधला सगळा प्रवास उलट्या दिशेने करतं. कोन शून्यावर आणूच नका. पान उघडलं त्या दिवशीच्या मध्यरात्रीपासून गेलेले एकूण सेकंद गुणिले ६, असा कोन वाढत जाऊ द्या. सेकंद स्वतः मोजत बसू नका; टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर मंदावतो आणि घड्याळ मागे पडतं. दर वेळी खरी वेळ वाचा. काटा मध्यभागी न फिरता स्वतःच्या पोटाभोवती गरगरत असेल, तर ट्रान्सफॉर्म ओरिजिन (सीएसएसमधला फिरण्याचा मध्यबिंदू) चुकलंय.

आता घड्याळवेड्यांसाठी. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झचा काटा बहुधा सेकंदाला एकच उडी घेतो. तासाला २८,८०० ठोके देणाऱ्या ऑटोमॅटिकचा (मनगटाच्या हालचालीने चावी भरणाऱ्या घड्याळाचा) काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो. वर्णनात ‘ऑटोमॅटिक’ लिहून काटा टकटक उड्या मारत असेल, तर जाणकार माणूस तिथेच ओळखतो. पाण्याचंही तसंच: ‘३० मीटर’ म्हणजे तेवढं खोल बुडी मारता येते असं नाही, हात धुताना उडालेलं पाणी चालतं एवढंच. नुसता व्यासही पुरत नाही; जाडी आणि वरच्या लगपासून (पट्टा अडकवायच्या कानापासून) खालच्या लगपर्यंतची लांबी द्या, कारण मनगटावर बसेल की नाही ते त्यावरच ठरतं. चित्र स्वतः काढत असाल तर काटे १० वाजून १० मिनिटांवर ठेवा, १२ खालचं नाव झाकलं जात नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात: घरातल्या जुन्या एचएमटीचा मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवू नका. हजार-बाराशे पिक्सेल रुंद वेबपी (WebP, हलका फोटो फॉरमॅट) करा, रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा, म्हणजे पान उड्या मारत नाही. लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवणं) खालच्या फोटोंना लावा, सगळ्यात वरच्याला नको.

लॅपटॉपवर चालतं, ऑनलाइन नाही

गिटहब पेजेसवर फोटो गायब झाले तर आधी फाइलच्या नावांतली कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा. विंडोजला फरक पडत नाही, तिथल्या सर्व्हरला पडतो. नावं बरोबर असतील तर पत्ते बघा. तुमचं दुकान रिपॉझिटरीच्या (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या) नावाच्या फोल्डरात असतं, त्यामुळे तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता भलतीकडेच शोधतो. साइट तयार करायला वीट (Vite) हे साधन वापरत असाल तर त्याच्या बेस सेटिंगमध्ये ते नाव द्या. आणि एका घड्याळाचं पान रिफ्रेश केल्यावर ४०४ (‘पान सापडलं नाही’) येत असेल, तर कारण असं: त्या पत्त्यावर खरी फाइलच नसते, राउटिंग (कोणत्या पत्त्याला कोणतं पान दाखवायचं ते) सगळं ब्राउझरात असतं. पत्त्यात # नंतर पानाचं नाव ठेवणारा हॅश राउटर लावा, नाहीतर इंडेक्स पानाची प्रत ४०४ नावाने ठेवा.