मॉडिफाय केलेली गाडी धुराच्या चाचणीत नापास झाली? या चुका टाळा

हेडर (इंजिनमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या), मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), बदललेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला बदललेला प्रोग्राम, म्हणजेच ट्यून). यातलं काहीही केलेली पेट्रोल गाडी चाचणीत नापास झाली की पहिलं बोट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणाऱ्या कॅटकडे, जातं. नवा कॅट बसतो, गाडी एकदा पास होते आणि थोड्याच दिवसांत तोही जळून बसतो. कॅट आपणहून क्वचितच मरतो. मिसफायर होणारा (मिश्रण नीट न पेटणारा) सिलिंडर, रिच (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण किंवा तेल जाळणारं इंजिन त्याला मारतं. म्हणून कॅटची तपासणी सगळ्यात शेवटी, आणि इथेही ती शेवटीच दिली आहे.

"नापास" एवढंच वाचून रिपोर्ट खिशात घालणं

निम्मं निदान त्या कागदावरच असतं. फक्त त्यातले आकडे सुटे वाचून चालत नाही, जोडीने वाचावे लागतात.

सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे अर्धवट जळलेलं पेट्रोल. तो जास्त आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य, तर मिश्रण रिच आहे. इंजेक्टर, इंधनाचा दाब किंवा ट्यून, यांच्याबाहेर सहसा जावं लागत नाही. एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, जास्त आहे, ऑक्सिजनही जास्त आहे आणि सीओ मात्र कमी, तर एखादा सिलिंडर मिसफायर होतोय. एकतर मिश्रण फार लीन (हवा जास्त असलेलं) आहे किंवा ठिणगीच पडत नाही. सीओ-एचसी दोन्ही मर्यादेत आणि फक्त नायट्रोजन ऑक्साइड्स वर गेलेत? ज्वलनाचं तापमान जास्त आहे. बंद केलेली ईजीआर (थोडा एक्झॉस्ट इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा), ट्यूनमध्ये पुढे ओढलेलं इग्निशन टायमिंग, पिस्टनवर साचलेला कार्बन, या क्रमाने बघा. आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलाचं प्रमाण; १ म्हणजे अचूक, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन) १ च्या आसपास असूनही तिन्ही वायू थोडे थोडे वर असतील, तर मात्र कॅटवर संशय घ्यायला हरकत नाही.

मशीन छापतं तो लॅम्बडा वायूंच्या प्रमाणांवरून काढलेला असतो आणि कॅटच्या आधी मोजा की नंतर, तो जवळपास तोच येतो, कारण कॅट वायूंची अदलाबदल करतो, बाहेरून हवा आणत नाही. त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी मोजलेला लॅम्बडासुद्धा इंजिनमध्ये काय चाललंय ते सांगतो. अनेक ठिकाणी २५०० ते ३००० आरपीएमवर तो ०.९७ ते १.०३ यांच्यात असावा लागतो. तुमचा १.०८ आला, ऑक्सिजन दीड टक्का आहे आणि कार्बन डायऑक्साइड निरोगी १४-१५ टक्क्यांच्या खाली आलाय, पण गाडी झटके न देता चालते? तर आधी गळती शोधा.

गळती "आवाजापुरती" समजणं

हेडरच्या फ्लँजमधून येणारा टिकटिक आवाज चालवून घेतला जातो. पण एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, तो ठोक्यांनी येतो. दोन ठोक्यांच्या मधे दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला मिश्रण लीन वाटतं, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो आणि गाडी खरोखर रिच होते. फट सेन्सरच्या नंतर असेल तर इंजिन ठीक चालतं, फक्त रिपोर्ट बिघडतो.

गाडी थंड असताना सुरू करा, जाड कापडाची घडी सायलेन्सरच्या तोंडावर हलकेच धरा आणि सांध्यांजवळ कान द्या. गॅस्केटच्या कडेला काळी काजळी दिसली तर शोध संपला. हे उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, माणूस मात्र जातो. सांधा परत बसवताना सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर डब्यावर "सेन्सर सेफ" लिहिलेलं बघा. साध्या सिलिकॉनच्या वाफा ऑक्सिजन सेन्सर खराब करतात.

लांब नळ्यांच्या हेडरची अडचण वेगळी. सेन्सर मूळ जागेपासून मागे सरकतो, वायू तिथे थंड होऊन पोहोचतात आणि सेन्सर सुस्तावतो. कॅटही मागे गेलेला असतो. कॅटला काम सुरू करायलाच २५० ते ३०० अंश लागतात. रांगेत वीस मिनिटं इंजिन बंद करून थांबलात आणि थेट मशीनवर गेलात तर चांगला कॅटही नापास होतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी नीट चालवून, गरम असतानाच आत न्या.

मोठा इनटेक पाइप आणि जुनाच एमएएफ

एमएएफ, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर, नळीच्या एका बिंदूवरून जाणाऱ्या हवेवरून एकूण हवेचा अंदाज बांधतो. नळीचा व्यास ७० वरून ७६ मिलिमीटर केला, तर फरक सहाच मिलिमीटर वाटतो, पण क्षेत्रफळ जवळपास १८ टक्के वाढतं. तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा मोजतो. ईसीयू त्या हिशेबाने कमी पेट्रोल देतो, मग ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून १८ टक्के वाढवत बसतो. अशा गाडीत पी०१७१ हा (मिश्रण लीन असल्याचा) कोड उगवतो आणि लोक फ्युएल पंप बदलतात! उपाय दोनच: मूळ व्यासाची एमएएफ नळी परत लावा किंवा ट्यूनमध्ये एमएएफचं कोष्टक नव्या नळीनुसार करून घ्या.

तेल लावायचे कापडी फिल्टर असतील तर ते तेल एमएएफच्या तारेवर बसतं. एमएएफ क्लीनरने तार फवारून धुवा, हाताने पुसू नका, पूर्ण वाळल्यावरच जोडा. कार्ब्युरेटर क्लीनर इथे चालत नाही.

टर्बो गाडीत एमएएफ असूनही ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर टर्बोचा दाब सोडणारा) हवा बाहेर फेकत असेल, तर मोजलेली हवा इंजिनात पोहोचत नाही आणि थ्रॉटल सोडताना दर वेळी मिश्रण रिच होतं. ती हवा पाइपने एमएएफनंतरच्या इनटेकमध्ये परत न्या. आवाज जाईल, तो गेलेलाच बरा.

ट्रिम न बघता पार्ट बदलत राहणं

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय वा कापतोय तो आकडा. साध्या ओबीडी स्कॅनरवरही (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) तो दिसतो. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून ठेवलेला) यांची बेरीज करा. उणे-अधिक ५ उत्तम, १० पर्यंत चालेल. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक १८ आणि २५०० आरपीएमला अधिक ३ दिसत असेल तर व्हॅक्यूमची गळती आहे: फटीतून येणारी हवा जवळपास तेवढीच राहते, एकूण हवा वाढली की तिचा वाटा नगण्य होतो. कॅच कॅन (इंजिनच्या वाफांतलं तेल अडवणारा डबा) बसवताना उघडी राहिलेली नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट ही नेहमीची ठिकाणं. आयडलला ठीक आणि वरच्या आरपीएमला अधिककडे जात असेल तर पंप, फिल्टर किंवा एमएएफ. दोन्हीकडे सारखाच वाढलेला असेल तर वरचा नळीचा हिशेब पुन्हा वाचा. ट्रिम उणे असेल तर दाब, गळका इंजेक्टर आणि पेट्रोल मिसळून पातळ झालेलं इंजिन ऑइल बघा. अशा तेलाच्या वाफा पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इंजिनातच परत येतात, म्हणून चाचणीआधी तेल बदलल्यावर सीओ उतरल्याचं दिसतं.

मोठे इंजेक्टर, अंदाजे डेटा

पूर्ण थ्रॉटलला सुरेख चालणारी गाडी आयडलला नापास होते ती बहुधा इथे. इंजेक्टरला विजेचा इशारा मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण १ मिलिसेकंद जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. समजा मूळ, मिनिटाला २५० सीसीचा इंजेक्टर आयडलला २.८ मिलिसेकंदांचा पल्स घेत होता, म्हणजे खरं फवारणं १.८. त्याच पेट्रोलासाठी ५५० सीसीच्या इंजेक्टरला जेमतेम ०.८ मिळतात. आता ट्यूनमध्ये डेड टाइम ०.१ मिलिसेकंदाने चुकला, तर मूळ इंजेक्टरवर पाच-सहा टक्क्यांची चूक होते, मोठ्यावर बारा टक्क्यांची. शिवाय इतक्या छोट्या पल्सला फवाराही सरळ प्रमाणात राहत नाही.

डेड टाइम बॅटरीच्या व्होल्टेजवर बदलतो. चाचणीच्या वेळी पंखा, दिवे, एसी चालू असतील आणि अल्टरनेटर अशक्त असेल, तर ट्यून करतानाचे १४ व्होल्ट तिथे नसतात. म्हणून उत्पादकाने दिलेलं व्होल्टेजनुसारचं कोष्टकच ट्यूनमध्ये भरायला सांगा. इंटरनेटवरचा "साधारण असाच असतो" हा आकडा नको. दाबाचंही तेच. फ्युएल प्रेशर ३ वरून ३.५ बार केला तर प्रवाह १७ नव्हे, ८ टक्के वाढतो, कारण तो वर्गमुळाने वाढतो.

ट्यूनमध्ये आयडल मुद्दाम रिच ठेवणं

इंजिन गुळगुळीत वाटावं म्हणून काही ट्यूनर आयडलचं लक्ष्य एएफआर (हवा-पेट्रोल गुणोत्तर) १३.५ ठेवतात आणि क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल सुधारणं) बंद करतात. साध्या पेट्रोलसाठी हा लॅम्बडा ०.९२ होतो. कॅटला सीओ जाळायला ऑक्सिजनच उरत नाही, मग तो कितीही महाग असो. आयडल आणि हलक्या थ्रॉटलला क्लोज्ड लूप चालू, लक्ष्य लॅम्बडा १.००, यावर तडजोड नको. वाइडबँड (लॅम्बडाचा नेमका आकडा देणाऱ्या सेन्सरच्या) कंट्रोलरमधून नकली नॅरोबँड (फक्त रिच की लीन एवढंच सांगणारा) सिग्नल ईसीयूला देत असाल, तर त्याचा बदलबिंदू मायलेजसाठी लीनकडे सरकवलेला नाही ना हे तपासा. तसं असेल तर नायट्रोजन ऑक्साइड्स वाढणारच. गेजवर एएफआरऐवजी लॅम्बडा वाचा. १४.७ हे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचं माप आहे, दहा टक्के इथेनॉल असेल तर १४.१ होतं. लॅम्बडा १ मात्र दोन्हीकडे १ च.

कॅमशाफ्टच्या बाबतीत थोडं कटू बोलावं लागेल. जास्त ओव्हरलॅप (इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे) असलेल्या कॅममध्ये आयडलला ताजं मिश्रण सरळ एक्झॉस्टमध्ये निसटतं. एचसी वाढतो, सोबत निसटलेला ऑक्सिजन सेन्सरला लीन भासतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल घालतो. चाचणीच्या मर्यादेत बसत असेल तर आयडल ७५० वरून ९५० पर्यंत न्या, व्हेरिएबल टायमिंग असेल तर आयडलला ओव्हरलॅप कमीत कमी करा. एवढं करूनही उतरत नसेल तर तो कॅम रस्त्यावरच्या गाडीचा नाही.

आदल्या दिवशी कोड पुसणं

जिथे ओबीडीही तपासतात तिथे ही हमखास चूक. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, "अपूर्ण" दिसतात आणि गाडी परत पाठवली जाते. ते पूर्ण व्हायला रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा, दोन-तीन मिनिटं आयडल, मग ताशी ८०-९० किलोमीटरने दहा मिनिटं एकसारखं चालवा, ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग ३० पर्यंत उतरू द्या. हे दोन-चार दिवस करा. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, नाहीतर बाष्प गळतीची तपासणी चालतच नाही. ७१ अंशांचा "थंड" थर्मोस्टॅट बसवला असेल तर इंजिन हवं तेवढं तापत नाही, ईसीयू वॉर्मअपचं जास्तीचं पेट्रोल देत राहतो आणि मॉनिटर अडकतात. मूळ अंशांचा लावा.

ट्यूनमध्ये मॉनिटरच बंद केला असेल तर कितीही चालवून उपयोग नाही. काही ठिकाणी ईसीयूचं सॉफ्टवेअर मूळ आहे का हेसुद्धा वाचलं जातं. कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून ते होतंय.

आणि आता कॅट

कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला वायूच्या प्रवाहापासून दूर ठेवणारा तुकडा) लावला असेल तर तो आधी काढा. बहुतेक ठिकाणी तो बेकायदा आहेच, शिवाय कॅटची खबर देणारा एकमेव डोळा तो झाकतो. इंजिन गरम करून २५०० आरपीएमवर तीन मिनिटं धरा. पुढचा नॅरोबँड सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये उड्या मारेल, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट संपला. रबरी हातोडीने टकटक केल्यावर खुळखुळला तर आतली जाळी तुटली आहे. पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा: २५०० आरपीएमला ०.२ बारपेक्षा जास्त दाब आला तर जाळी वितळून वाट अडली आहे.

नवा घेताना दर चौरस इंचाला १०० किंवा २०० सेलचे (जाळीची भोकं) "हाय फ्लो" कॅट मोहात पाडतात. मूळ कॅट बहुधा ४०० ते ६०० सेलचे असतात. सेल कमी म्हणजे वायूला लागणारा पृष्ठभाग कमी, आणि पी०४२० (कॅट कमी काम करतोय) हा कोड परत येण्याची शक्यता जास्त. जुनी जाळी वितळलेली निघाली असेल तर नवा कॅट डब्यातच राहू द्या. आधी प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासून स्कॅनरवर चारही सिलिंडरचे मिसफायर काउंट शून्य दिसू देत, मग बोल्ट आवळा.