ऑनलाइन वर्गात शाडूची मूर्ती शिकवताना या चुका टाळा

वर्गात मूल माती मळत असते तेव्हा शिक्षक जाता जाता तिच्यात बोट दाबून पाहतात आणि ‘अजून थोडे पाणी लाव’ एवढेच सांगतात. ऑनलाइन वर्गात हे चाचपणारे बोट नसते, आणि मूर्तीचे बहुतेक बिघाड नेमके तिथूनच सुरू होतात.

माती न तपासता आकाराला हात घालणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाण्याचे ठरावीक माप सांगून उपयोग होत नाही, कारण प्रत्येक घरातली माती वेगवेगळी भिजलेली असते. त्याऐवजी प्रत्येक मुलाला करंगळीएवढ्या जाडीची वळी करून ती तर्जनीभोवती गुंडाळायला सांगावी आणि तो हात कॅमेऱ्याजवळ धरायला लावावा. वळीवर ठळक भेगा पडल्या तर माती कोरडी आहे. वळी बोटाला चिकटून बसली तर पाणी जास्त झाले आहे. या तपासणीत दहा मिनिटे गेली तरी ती वाया जात नाहीत.

सोंड गळून पडल्याची तक्रार हमखास येते. दोन्ही बाजू गुळगुळीत ठेवून नुसत्या दाबून चिकटवल्या की असे होते. जोडाच्या दोन्ही जागांवर टूथपिकने आडवेउभे ओरखडे काढावेत, त्यांवर त्याच मातीचा पातळ चिखल लावावा आणि मग दाबून कडा बोटाने एकमेकींत मिसळाव्यात. हे दाखवताना शिक्षकाच्या हातानेच जोड झाकला जातो, म्हणून प्रत्येक टप्प्याला हात बाजूला घेऊन थांबावे.

‘सोंड डावीकडे वळवा’ असे सांगू नये. डाव्या सोंडेचा गणपती म्हणजे मूर्तीच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे सोंड वळलेला. समोर बसलेल्या मुलाला ती उजवी बाजू दिसते, आणि त्यात कॅमेऱ्याने प्रतिमा उलटी दाखवली तर गोंधळ आणखी वाढतो. ‘मोदकाच्या हाताकडे’ म्हटले की प्रश्न मिटतो.

कॅमेरा फक्त वरून लावल्यास पोटाची गोलाई सपाट दिसते आणि मुले भाकरीसारखी चपटी मूर्ती करतात. मोबाइल मूर्तीच्या उंचीवर ठेवावा, दिवा एका बाजूने लावावा, म्हणजे सावलीमुळे खोली कळते. मुलांकडूनही समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो मागवावेत.

मूर्ती वाळण्याचा काळ वर्गानंतर येतो, म्हणून त्याच्या सूचना पालकांना लेखी द्याव्यात. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलेल्या मूर्तीचा बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि भेग पडते. मूर्ती जरा घट्ट झाल्यावर खालून चमच्याने पोकळ करावी आणि सावलीत ठेवावी. तरीही भेग पडलीच तर ती ओल्या ब्रशने भिजवून त्याच मातीचा घट्टसर लगदा भरावा. वाळल्यावर ती पुन्हा उघडली तर तसेच आणखी एकदा करावे आणि रंग त्यानंतरच लावावा.