विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठच्या डेकला काउंटीने हरकत घेतली, तर दाद कशी मागावी

काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) झोनिंग कार्यालयाने, म्हणजे जमिनीच्या वापराचे नियम पाहणाऱ्या कार्यालयाने, डेकचे (घराबाहेरच्या उघड्या, फळ्यांच्या ओट्याचे) परमिट नाकारले किंवा बांधलेला डेक काढण्याची नोटीस पाठवली, की ‘जागा माझी, मग अडवणारे हे कोण?’ असा प्रश्न घरमालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एवढ्या मुद्द्यावर प्रकरण टिकत नाही. तिथे काउंटीच्या अखत्यारीतील तळ्यांच्या काठावर कोणतेही बांधकाम सामान्यतः जलरेषेपासून 75 फूट दूर असावे लागते, आणि हा नियम रास्तच आहे, कारण काठावरची झाडी गेली की पावसाच्या पाण्याबरोबर माती आणि फॉस्फरस थेट तळ्यात उतरतात व शेवाळ माजते.

सर्वप्रथम मोजणी करून घ्यावी. ही जलरेषा म्हणजे आज जिथे पाणी दिसते ती कड नव्हे. पाण्याच्या सततच्या वावराने काठावर उमटलेली खूण म्हणजे जलरेषा. जमिनीवरची झुडपे जिथे थांबतात, माती कातरलेली दिसते किंवा दगडांवर पाण्याचा डाग राहिलेला असतो, तिथे ती सापडते. परवानाधारक सर्व्हेअरकडून ती आखून घ्यावी आणि तिथपासून डेकच्या सर्वांत जवळच्या कडेपर्यंतचे अंतर नकाशावर लिहून घ्यावे.

त्यानंतर कायद्यातच दिलेली सवलत तपासावी. 75 फुटांच्या पट्ट्यातही डेकला परवानगी मिळू शकते. मात्र तो जलरेषेपासून किमान 35 फुटांवर असावा, त्याच्या बाजू उघड्या किंवा जाळीच्या असाव्यात आणि बोटहाउस (होडी ठेवण्याची शेड) वगळता पट्ट्यातील अशा सर्व बांधकामांचे क्षेत्रफळ मिळून 200 चौरस फुटांपेक्षा जास्त नसावे. शिवाय पट्ट्याचा पाण्याकडचा जो अर्धा भाग असतो, त्यातील किमान 70 टक्के जागेवर झाडी राखण्याचा आराखडा काउंटीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. 10 बाय 20 फुटांचा डेक या मर्यादेत बसतो, पण आधीचा गॅझिबो (बागेतला उघडा मंडप) असल्यास त्याचे क्षेत्रफळही मोजले जाते. माझ्या मते बहुतेकांनी डेक लहान करून हाच मार्ग धरावा. डेक जुना असेल आणि 10 वर्षांहून अधिक काळ उभा असेल, तर त्याच्याविरुद्ध काउंटीला नव्याने कारवाई सुरू करता येत नाही. त्यासाठी जुनी हवाई छायाचित्रे किंवा खरेदीच्या वेळचा सर्व्हे पुरावा म्हणून जोडावा.

यांपैकी काहीच लागू होत नसेल, तर अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या काउंटीच्या बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंटकडे व्हेरियन्ससाठी, म्हणजे नियमातून सूट मिळावी म्हणून, अर्ज करावा लागतो. इथे केनोशा काउंटीतील हुकर तळ्याचे प्रकरण लक्षात ठेवावे. घर जलरेषेपासून 78 फुटांवर होते आणि नियोजित डेकमुळे हे अंतर 64 फुटांवर आले असते. बोर्डाने सूट दिली, परंतु 1998 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण डेकशिवायही त्या मालमत्तेचा वाजवी वापर होत होता. सुटीशिवाय मालमत्तेचा वाजवी वापरच शक्य नसावा, ही कसोटी फार कठोर होती. 2004 मध्ये, बिग सीडर तळ्याकाठच्या एका घराच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने अंतर किंवा आकारमानाच्या सुटीसाठी ती सौम्य केली; आता नियम पाळणे अनावश्यकपणे जाचक ठरते, असे दाखवता आले तरी पुरते.

तरीही तीन गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते: अडचण खरी आहे, ती त्या जमिनीच्या वेगळ्या घडणीमुळे आली आहे आणि सूट दिल्याने सार्वजनिक हिताला बाधा येणार नाही. म्हणूनच अर्जात आपल्याविषयी कमी आणि जमिनीविषयी अधिक लिहावे. वाढते कुटुंब, पाहुणे, आधीच झालेला खर्च, शेजाऱ्याचा मोठा डेक या कारणांनी सूट मिळत नाही. तीव्र उतार, प्लॉटमधली पाणथळ जागा किंवा दुसऱ्या बाजूला डेक बांधणे अशक्य करणारा खडक यांना वजन असते. उताराची मापे, छायाचित्रे आणि विचारात घेतलेले इतर पर्याय व ते का जमत नाहीत, हे सारे सोबत जोडावे.

सुनावणीत जे मांडायचे ते लेखी द्यावे, कारण बोर्डाने अर्ज फेटाळल्यास सर्किट कोर्ट (काउंटीतील न्यायालय) मुख्यतः बोर्डासमोर आलेली कागदपत्रेच तपासते. कोर्टात जाण्यासाठी निर्णय बोर्डाच्या कार्यालयात दाखल झाल्यापासून केवळ 30 दिवस मिळतात, तेव्हा त्या दाखल तारखेची चौकशी स्वतः करावी आणि वकिलाला त्याच आठवड्यात भेटावे.